डावी कडी

लॅसेल्सनं बॅग टेबलावर ठेवली आणि म्हणाला, काप.

तपकिरी, जाड पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना कातड्याच्या टोप्या,
दोन पितळी कड्या, त्यातली डावी हट्टी.
झाकणावर बहिणीचं नाव पांढऱ्या ऑइलपेंटनं:
व्हर्ना पी., हडर्सफील्ड, यॉर्कशर.
शेवटच्या अक्षरापाशी रंग फिका पडलेला.
डबा संपला असेल.
किंवा बोट सुटायची वेळ झाली असेल.

मी तीन रविवार नुसता मोजत बसलो.
साडेपाच इंची दोन वूफर, लिंबाएवढे दोन ट्विटर,
बारा व्होल्टची बॅटरी, तळहातावर मावणारा अॅम्प्लिफायर.
कंपासनं वर्तुळं काढायची, खोडायची,
नावाला वळसा घालून पुन्हा काढायची.
बायको शेडच्या दारात येऊन म्हणाली,
लग्नाचासुद्धा इतका विचार केला नव्हतास.
खरंय. पण तिथं करवत नव्हती.

चौथ्या रविवारी तो स्वतः आला, टोपी न काढता
हीटरशेजारच्या खुर्चीत बसला.
एके काळी यानं कपाटाएवढे स्पीकर बांधलेत,
चार माणसांनी उचलायचे, चॅपलच्या तळघरात उतरवायचे.
शनिवारी रात्री रस्त्यापलीकडच्या घरांत
कप बशीवर टकटकायचे.
सोमवारपासून मात्र गिरणी.
मागांनी त्याचे कान वरून खाली कुरतडत नेले:
आधी चिमण्या गेल्या, मग फोनची घंटा,
मग बोलण्यातले सगळे स आणि श.
उरला तो तळमजला.

मी इचलकरंजीचा. हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही.
आमच्या गल्लीत सगळे ओरडूनच बोलायचे
आणि त्याला कुणी भांडण म्हणायचं नाही.

जिगसॉ लावली.
साठ वर्षं कोंडलेला डांबरगोळ्यांचा वास बाहेर आला,
चौकडीच्या अस्तराचा भुगा माझ्या भुवयांवर बसला,
आणि शेवटी वळसा काही जमला नाही.
निखळून पडलेल्या चकतीवर एवढंच: हडर्स.
त्यानं ती उचलली, फुंकली, कोटाच्या खिशात घातली.
दुसरीही घातली. तिच्यावर काहीच नव्हतं.

मग आतून प्लायची पट्टी, सांध्यांना सिलिकॉन,
पोटात एका जुन्या उशीचा कापूस,
हवेला ये-जा करायला प्लंबरकडचा पाइपाचा तुकडा.
झाकण लावलं.

गाणं नाही लावलं. आधी नुसता सूर,
वीस हर्ट्झपासून हळूहळू वर चढणारा.
मला काहीच ऐकू येईना. वायर तपासायला वाकलो,
तर झाकणावर तळवा ठेवून तो म्हणाला, आला.
माझ्या आधी आला त्याला,
मनगटातून कोपरापर्यंत.

साठच्या पुढे सूर गेला
आणि डावी कडी थरथरायला लागली,
बारीक, चिडकी, डब्यात अडकलेल्या माशीसारखी.
मी सूर थांबवला. फेल्टचा तुकडा घेतला, कात्री शोधली.
काय झालं?
मी कागदावर लिहिलं: कडी वाजतेय.

तो कागदाकडे पाहत राहिला.
मग म्हणाला, व्हर्ना सांगायची.
बोटीचं इंजिन सुरू झालं की बंकखाली ही कडी.
एकोणीस दिवस. तिनं पायमोजा कोंबून पाहिला,
वर्तमानपत्र कोंबून पाहिलं.
शेजारच्या बंकवरची बाई म्हणायची, ती बॅग समुद्रात टाक.

मी फेल्ट ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

आता गुरुवारी तो बॅग घेऊन बसनं सेंटरला जातो.
स्टॉपवर कुणीतरी हमखास विचारतं, लांबचा प्रवास?
तो हसतो. प्रश्न पोचलेला नसतो.
घरी चहाचा मग 'हडर्स'वर ठेवतो,
कोरी चकती पाहुण्याला.
मी गेलो की बॅग उघडी असते टेबलावर, आवाज खालचा,
तळवा झाकणावर.
वाजतेय का ती, तो विचारतो.
मी मान हलवतो.
वाजतेय.